वारा समुद्राकडे होता

मार्च २०११च्या मध्यावर जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर वारा बहुतेक वेळ पश्चिमेकडून, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहत होता. फुकुशिमा दाइइची अणुवीज प्रकल्पातून जी किरणोत्सारी द्रव्ये हवेत गेली, त्यांचा मोठा वाटा या वाऱ्याने पॅसिफिक महासागरावर नेऊन टाकला. जपानच्या दृष्टीने हे केवढे मोठे नशीब होते, याची कल्पना टोकियो परिसरातल्या साडेतीन कोटी वस्तीचा आकडा डोळ्यांसमोर आणला की येते. पण ज्या समुद्रावर हे सारे वाहून गेले तो रिकामा नव्हता. मदतीला धावून आलेली जहाजे तिथे उभी होती आणि त्यांच्या डेकवर हजारो तरुण काम करत होते. वाऱ्याने टोकियोला वाचवले ते अंशतः त्यांच्या माथ्यावरून जाऊन. ही हकीकत त्यांची आहे, आणि त्यांच्यामागून त्या किनाऱ्यावर उतरलेल्या आणखी काही परक्या गणवेशांची.

११ मार्चचा भूकंप दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी झाला. तीव्रता ९. तोहोकु किनाऱ्यावर पुढच्या तासाभरात त्सुनामीच्या लाटा आदळल्या आणि मृत व बेपत्ता मिळून १८,०००हून अधिक माणसे गेली. फुकुशिमाच्या सहा अणुभट्ट्यांपैकी त्या दिवशी तीनच चालू होत्या आणि धक्का बसताच त्या ठरल्याप्रमाणे आपोआप बंदही पडल्या. मात्र अणुभट्टी बंद पडली तरी इंधनातली उष्णता लगेच थांबत नाही. कित्येक दिवस इंधनावरून पाणी खेळते ठेवावे लागते. भूकंपाने बाहेरून येणारी वीज तोडली, तेव्हा डिझेल जनरेटर सुरू झाले. पाऊण तासाने सुमारे १४-१५ मीटर उंचीचे पाणी आवारात शिरले आणि बहुतेक जनरेटर खालच्या मजल्यांवर असल्यामुळे बुडाले. पुढचे सगळे या एका गोष्टीतून घडत गेले. इंधन तापले, त्याच्या झिरकोनियमच्या आवरणाची वाफेशी प्रक्रिया होऊन हायड्रोजन तयार झाला. १२ मार्चला पहिल्या अणुभट्टीच्या इमारतीत स्फोट झाला, १४ला तिसऱ्या आणि १५ला चौथ्या. त्याच १५ तारखेला दुसऱ्या अणुभट्टीतून सर्वांत मोठी गळती सुरू झाली.

आपल्याकडे ती दृश्ये पाहताना तारापूरची आठवण होणे साहजिक होते. तिथल्या १९६९मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या फुकुशिमासारख्याच, उकळत्या पाण्याच्या जातीच्या आणि जनरल इलेक्ट्रिकनेच बांधून दिलेल्या. जैतापूरच्या नियोजित अणुवीज प्रकल्पाचा वादही तेव्हा ऐन भरात होता. त्यामुळे मराठी वर्तमानपत्रांत अणुभट्ट्यांविषयी पुष्कळ छापून आले. त्या अणुभट्ट्यांच्या आसपासच्या समुद्रावर मदतीला आलेल्या लोकांविषयी मात्र फारच थोडे.

'यूएसएस रोनाल्ड रीगन' ही अमेरिकेची विमानवाहू युद्धनौका त्या आठवड्यात दक्षिण कोरियाबरोबरच्या सरावासाठी निघाली होती. भूकंपाची बातमी येताच तिला वळवण्यात आले आणि १३ मार्चला ती मियागी प्रांतासमोर पोहोचली. कॅप्टन थॉम बर्क नौकेचे प्रमुख होते आणि रिअर अॅडमिरल रॉबर्ट गिरिअर तिच्यासोबतच्या ताफ्याचे. विमानवाहू नौका म्हणजे समुद्रावरची धावपट्टी आणि इंधनाची टाकी. किनाऱ्यावरचे विमानतळ चिखलाखाली गेलेले असताना जपानी आत्मसंरक्षण दलाच्या आणि तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरांना उतरायला, तेल भरायला जागा हवी होती. ती रीगनने दिली. नौकेवरची स्वतःची हेलिकॉप्टरे पाणी, ब्लँकेट आणि खाण्याचे डबे घेऊन, रस्ते तुटलेल्या गावांच्या शाळांच्या मैदानांवर उतरू लागली. नौसैनिकांनी स्वतःचे स्वेटर आणि जाकिटेही त्या सामानात घातली. बाहेर बर्फ पडत होता आणि शाळांत आसरा घेतलेले लोक ओल्या कपड्यांत बसले होते.

त्याच दिवशी किरणोत्सार लागला. नौका तेव्हा प्रकल्पापासून ईशान्येला सुमारे १६० किलोमीटरवर होती. एवढ्या अंतरावर काही जाणवेल असे कोणालाच वाटले नव्हते. किनाऱ्यावरून परतलेल्या तीन हेलिकॉप्टरांतल्या १७ जणांच्या अंगावर आणि कपड्यांवर किरणोत्सारी कण आढळले. कपडे काढून घेतले, साबणपाण्याने अंघोळी घातल्या, पुन्हा मोजले. कण गेलेले होते. अमेरिकी नौसेनेच्या सातव्या आरमाराने पत्रक काढून सांगितले, की नौकेवरच्या कोणालाही मिळालेली जास्तीत जास्त मात्रा ही माणसाला माती, खडक आणि सूर्य यांच्याकडून एरवी महिनाभरात मिळते तिच्यापेक्षा कमी आहे. जहाजे वाऱ्याच्या वाटेतून बाजूला काढण्यात आली.

बाजूला काढली, पण परत नेली नाहीत. या प्रसंगातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच. रीगन स्वतः दोन अणुभट्ट्यांवर चालणारी नौका. तिच्यावर किरणोत्सार मोजण्याची साधने होती, आणि ती वाचू शकणारी शिकलेली माणसेही होती. अज्ञानात पुढे जाणारे सैन्य आणि आकडा समोर ठेवून पुढे जाणारे सैन्य यांत फरक असतो. हेलिकॉप्टरे उत्तरेकडून, इवाते प्रांताच्या बाजूने उड्डाणे करू लागली. वैमानिकांना आयोडिनच्या गोळ्या देण्यात आल्या. शरीरात साधे आयोडिन भरपूर असले, तर थायरॉइड ग्रंथी किरणोत्सारी आयोडिन ओढून घेत नाही, एवढाच या गोळ्यांचा उपयोग. बाकी कशापासून त्या वाचवत नाहीत. परत आलेले प्रत्येक हेलिकॉप्टर मोजायचे, धुवायचे, पुन्हा मोजायचे. मार्चच्या चौथ्या आठवड्यात शेकडो नौसैनिक ब्रश आणि साबणाचे पाणी घेऊन उड्डाणाचा अख्खा डेक घासताना दिसतात. ती छायाचित्रे नौसेनेनेच प्रसिद्ध केली आहेत. त्यातले बहुतेक विशीतले. 'जाता का?' असे त्यांना कोणी विचारलेले नव्हते. गणवेशातल्या माणसाला तसे विचारत नाहीत. म्हणूनच त्याला पाठवणाऱ्यावरची जबाबदारी अधिक जड असते, आणि ती तो परत आल्यावरही संपत नाही. त्याविषयी पुढे लिहायचे आहेच.

नौकेवर हे चालले असताना अमेरिकी सरकारात आपसांत जोरदार वाद झडत होते. अणु-नियामक आयोगाने नंतर आपल्या दूरध्वनी-बैठकांच्या नोंदी खुल्या केल्या, त्यांतून हे बाहेर आले. नौसेनेच्या अणुभट्टी विभागाची परंपरा फार कडक. पाणबुडीतल्या बंद जागेत शेकडो माणसे महिनोन् महिने अणुभट्टीशेजारी राहतात, तिथे अंशभर गळतीही चालत नाही. या शिस्तीत वाढलेल्या अधिकाऱ्यांना टोकियोजवळच्या योकोसुका तळावरचे आकडे बेचैन करू लागले. १५ मार्चला तिथे दुरुस्तीसाठी उभ्या असलेल्या 'जॉर्ज वॉशिंग्टन' या दुसऱ्या विमानवाहू नौकेवरच्या साधनांनी किरणोत्सार टिपला. योकोसुका फुकुशिमापासून ३०० किलोमीटरच्या आसपास. २१ तारखेला ही नौका दुरुस्ती अर्धवट टाकून, दुरुस्तीच्या कामगारांना सोबत घेऊनच समुद्रात निघून गेली. तळांवरच्या सैनिकांच्या बायकामुलांना स्वखुशीने मायदेशी जाण्याची मुभा देण्यात आली आणि हजारो कुटुंबे गेली. नवरा किंवा बायको मदतकार्यात, आणि मुले विमानात.

वॉशिंग्टनमध्ये आयोगाचे अध्यक्ष ग्रेगरी याझ्को यांनी काँग्रेससमोर सांगितले, की चौथ्या अणुभट्टीच्या टाकीतले पाणी संपले आहे. ते चुकीचे होते. टाकीत पाणी होते, हे नंतर सिद्ध झाले. पण त्या दिवशी ते खरे धरून अमेरिकेने आपल्या नागरिकांना ८० किलोमीटरच्या बाहेर जाण्याचा सल्ला दिला. जपान सरकारने तेव्हा २० किलोमीटरचा परिसर रिकामा केला होता आणि ३० किलोमीटरपर्यंतच्या लोकांना घरात बसायला सांगितले होते. मित्रराष्ट्र आपल्या माणसांना आपल्यापेक्षा चौपट लांब नेते, ही गोष्ट जपानी माणसांच्या लक्षात आल्याशिवाय कशी राहणार? काही अधिकारी याहून मोठ्या अंतराची, योकोसुकाही मोकळे करण्याची भाषा करत होते. टोकियोतले राजदूत जॉन रूस आणि तिथे गेलेल्या नियामक तज्ज्ञांचे प्रमुख चार्ल्स कास्टो यांच्यापुढे प्रश्न होता तो हा: तळ रिकामे केले तर किनाऱ्यावरची मदत कोण करणार, आणि पन्नास वर्षांच्या कराराला मग अर्थ काय उरेल? शेवटी अध्यक्ष ओबामांचे विज्ञान सल्लागार जॉन होल्ड्रन यांनी गणिते करून घेतली. अगदी वाईट घडले तरी टोकियो रिकामे करण्याइतकी मात्रा तिथे पोहोचणार नाही, असे त्यांतून निघाले. तळ राहिले.

या वादाच्या छायेतच १७ मार्चची सकाळ पाहायला हवी. आदल्या दिवशी जपानी हेलिकॉप्टरे तिसऱ्या अणुभट्टीवर पाणी टाकायला गेली आणि किरणोत्सार फार असल्याने तशीच परतली होती. संरक्षणमंत्री तोशिमी किताझावा आणि संयुक्त दलप्रमुख जनरल र्योइची ओरिकी यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवायचे ठरवले. दोन चिनूक हेलिकॉप्टरे निघाली. किरणांना अडवण्यासाठी त्यांच्या तळाला धातूचे पत्रे अंथरलेले, आतल्या माणसांच्या अंगावर जड संरक्षक जाकिटे. सुमारे ३०० फुटांवर ताशी ८७.७ मिलिसिव्हर्ट इतका किरणोत्सार मोजला गेला होता. दोनच दिवसांपूर्वी सरकारने आपत्कालीन कामगारांची मर्यादा १०० मिलिसिव्हर्टवरून २५० केली होती. हेलिकॉप्टर एका जागी थांबून पाणी ओतू शकत नव्हते. चालता चालता टाकायचे आणि निघून जायचे. चार खेपा झाल्या, प्रत्येकी साडेसात टन समुद्राचे पाणी. टीव्हीवर सगळ्या जगाने पाहिले, की बहुतेक पाणी वाऱ्याने फवाऱ्यासारखे उडून गेले.

थंड करण्याच्या हिशेबाने त्या ३० टनांना फारशी किंमत नव्हती. तरी मी त्याला निरर्थक म्हणणार नाही. जपान सरकार आणि प्रकल्प चालवणारी कंपनी हातपाय गाळून बसली आहेत, असा संशय तोवर वॉशिंग्टनमध्ये बळावला होता. स्वतःचे सैनिक त्या वाफेवरून नेणारा देश मात्र मदत मागण्याचा हक्क कमावतो. पंतप्रधान नाओतो कान यांनी त्यानंतर लगेच ओबामांशी बोलणे केले. तीन दिवसांपूर्वी, १४ मार्चला, तिसऱ्या अणुभट्टीच्या स्फोटाने तिथे पाणी घालायला नुकतेच पोहोचलेले आत्मसंरक्षण दलाचे चार जवान जखमी झाले होते, हेही इथे नोंदवले पाहिजे. परदेशी मदतीची गोष्ट सांगताना सर्वांत जवळून, सर्वांत मोठी मात्रा सोसणारे जपानीच होते, हे विसरता येत नाही. कंपनीचे कामगार, अग्निशमन दलाची माणसे, पंतप्रधान कान यांच्या आदेशावरून मैदानात उतरलेले आत्मसंरक्षण दलाचे एक लाख जवान. अमेरिकी सैनिकांना परवानगीशिवाय ८० किलोमीटरच्या आत जायला मनाई होती. किरणोत्साराशी लढण्याचे खास शिक्षण घेतलेली मरीनची सुमारे दीडशे जणांची तुकडी एप्रिलमध्ये मेरीलँडहून आली. तिने जपानी जवानांबरोबर सराव केला, पण प्रकल्पात शिरायची वेळ तिच्यावर आली नाही. दाइइचीच्या आवारापर्यंत अमेरिकेचे पोहोचले ते सामान: पंप, बंब, संरक्षक कपडे, आणि गोड्या पाण्याचे दोन प्रचंड बार्ज. समुद्राच्या पाण्याचे मीठ अणुभट्टीत साचत चालले होते, म्हणून गोडे पाणी हवे होते. हे बार्ज जपानी नौदलाने ओढत नेले. पहिला ३१ मार्चला प्रकल्पाच्या बंदरात लागला.

माहितीची देवाणघेवाण ही या मदतीतली सर्वांत वेदनादायक बाजू आहे, आणि तिच्याबद्दल राग आल्याशिवाय लिहिता येत नाही. किरणोत्साराचा ढग कुठे जाईल याचा अंदाज करणारी 'स्पीडी' नावाची संगणकप्रणाली जपान सरकारकडे होती. तिचे नकाशे १४ मार्चला अमेरिकी सैन्याला देण्यात आले. जपानी जनतेसमोर ते २३ मार्चपर्यंत ठेवले गेले नाहीत. मधल्या दिवसांत नामिए गावातली हजारो माणसे समुद्रकाठ सोडून वायव्येला, त्सुशिमा नावाच्या डोंगरी भागात आसऱ्याला गेली होती. १५ मार्चला वाऱ्याने दिशा बदलली आणि ढग नेमका वायव्येलाच गेला. पाऊस आणि बर्फ यांच्याबरोबर तो तिथल्या मातीत उतरला. मुले बाहेर खेळत होती, बायका बाहेर भात शिजवत होत्या.

उलट दिशेनेही हेच घडले. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने लष्करी विमानांतून साधने नेऊन १७ ते १९ मार्चच्या दरम्यान त्या भागाची हवाई मोजणी केली. वायव्येला लांबट पसरलेला तो पट्टा त्यांच्या नकाशात अगदी स्पष्ट दिसत होता. नकाशे जपानी मंत्रालयांच्या हाती गेले. गावे हलवण्यासाठी त्यांचा उपयोग झाला नाही. २०१२मध्ये हे उघड झाले, तेव्हा जपानमध्ये मोठा संताप उसळला. त्याच पट्ट्यातले इइताते गाव तर २०११च्या एप्रिलमध्ये बाहेर काढायचे ठरले, आणि खरोखर मोकळे व्हायला उन्हाळा उजाडला. जोखीम पत्करून विमाने उडवायची, मोजायचे, नकाशा काढायचा आणि मग तो फाइलमध्ये राहायचा. ज्या वैमानिकांनी किरणोत्साराचे अंश अंगावर घेऊन ही माहिती आणली, त्यांच्याशीही ही प्रतारणा होती, असे मला वाटते.

या मोहिमेला अमेरिकेने 'ऑपरेशन तोमोदाची' हे जपानी नाव दिले, म्हणजे मित्र. योकोटा तळावरून लेफ्टनंट जनरल बर्टन फील्ड यांच्या हाताखाली ती सुरू झाली आणि पुढे पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख अॅडमिरल पॅट्रिक वॉल्श यांच्याकडे गेली. सुमारे २४,००० माणसे, १८९ विमाने, २४ जहाजे. आकडे मोठे आहेत, पण काम समजते ते दोन ठिकाणे पाहिली की. पहिले सेंदाईचा विमानतळ. त्सुनामीने धावपट्टीवर मोटारी, झाडे, घरांची छपरे आणि दलदल आणून टाकली होती. ओकिनावाहून आलेल्या हवाईदलाच्या विशेष तुकडीने, जपानी ठेकेदारांच्या कामगारांबरोबर, धावपट्टीचा अर्धा भाग मोकळा केला आणि १६ मार्चला तिथे पहिले मालवाहू विमान उतरले. म्हणजे दाइइचीतले स्फोट ताजेच असताना, तिथून ऐंशीएक किलोमीटरवर, ही माणसे चिखल उपसत होती. १३ एप्रिलला तिथून प्रवासी विमाने उडू लागली. किनाऱ्यावरच्या लोकांनी उन्मळून पडलेल्या पाइनच्या ओंडक्यांनी वाळूत 'अरिगातो' असे मोठ्या अक्षरांत लिहिले होते. वैमानिकांना ते वरून वाचता येत असे.

दुसरे ठिकाण ओशिमा, केसेन्नुमाच्या उपसागरातले सुमारे तीन हजार वस्तीचे बेट. फेरीबोटी गेल्या, वीज गेली, डोंगरावर वणवा लागला. ओकिनावातल्या ३१व्या मरीन तुकडीला नेणारे 'एसेक्स' जहाज तेव्हा आग्नेय आशियात होते. ते जपानच्या पश्चिम किनाऱ्याला आले आणि मग उत्तरेकडून वळसा घालून पूर्वेला गेले. मरीन्सनी सपाट तळाच्या बोटींतून बेटावर विजेच्या गाड्या आणि तेल उतरवले, मग एप्रिलच्या सुरुवातीला बंदराचा ढिगारा हातांनी आणि फावड्यांनी उपसला. ओकिनावात या मरीन्सच्या तळांवरून वर्षानुवर्षे कडवट राजकारण चाललेले आहे. त्यामुळे या मदतीला जाहिरातीचा वास येतो, असे म्हणणारे जपानमध्ये होते, आणि ३१ मार्चला, मदतकार्य ऐन भरात असताना, तळांच्या खर्चाचा नवा करार संसदेने मंजूर केला तेव्हा त्यांना आधारही मिळाला. मी हा आक्षेप झटकून टाकत नाही. पण ओशिमाच्या मुलांना पुढे काही वर्षे सुट्टीत ओकिनावाला मरीन्सच्या घरी राहायला बोलावले जात असे, आणि त्या ये-जाला करार लागला नव्हता.

इतर देशांनीही माणसे पाठवली. काहींची पथके स्फोटांनंतर लवकर परतली, काही वकिलाती ओसाकाला हलल्या. इस्रायलने मार्चअखेरीस लष्करी डॉक्टरांचे पथक मिनामिसान्रिकु गावात पाठवले आणि तिथे दवाखाना उभारला. परदेशी डॉक्टरांना जपानमध्ये एरवी रुग्ण तपासता येत नाहीत. त्यासाठी आरोग्य मंत्रालयाला खास सवलत द्यावी लागली. जाताना त्या पथकाने आणलेली यंत्रे गावालाच देऊन टाकली.

आणि भारताचे पथक. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे एनडीआरएफ, तोपर्यंत देशाबाहेर कधी गेले नव्हते. निमलष्करी दलांतून निवडलेल्या जवानांचे हे दल २००६मध्ये उभे राहिले. किरणोत्साराशी त्याची एकदा गाठ पडली होती ती एप्रिल २०१०मध्ये दिल्लीत. मायापुरीच्या भंगार बाजारात कोबाल्ट-६०चा स्रोत आला आणि त्यातून एका माणसाचा मृत्यू झाला. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तज्ज्ञांबरोबर या दलाने तिथे काम केले होते. २८ मार्चला कमांडंट आलोक अवस्थी यांच्या नेतृत्वाखाली ४६ जणांचे पथक जपानमध्ये उतरले. भारताने २५,००० लोकरी ब्लँकेटही पाठवली होती. पथकाला दिलेले गाव होते ओनागावा.

ओनागावाची वस्ती सुमारे १०,०००. त्यातली आठशेहून अधिक माणसे लाटेने नेली. गावात अणुवीज प्रकल्पही आहे, आणि तो भूकंपाच्या केंद्राला फुकुशिमापेक्षा जवळ. पण तो सुमारे १५ मीटर उंचीवर बांधलेला असल्यामुळे वाचला, इतका की घरे गेलेल्या तीनशेहून अधिक गावकऱ्यांनी त्याच प्रकल्पाच्या आवारात आसरा घेतला. दाइइचीपासून हे गाव सुमारे १२० किलोमीटरवर. भारतीय जवान एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तिथे मृतदेह शोधत होते. वाचवता येईल असे कोणी आता उरलेले नव्हते. तेव्हा काम म्हणजे ढिगारा उचलायचा, माणूस सापडला तर सावकाश, मान राखून बाहेर काढायचा. उष्ण देशातल्या त्या माणसांनी गोठवणाऱ्या थंडीत, अणुप्रकल्प असलेल्या गावात, दुसरा प्रकल्प पेटलेला असताना हे केले. आपल्या मराठी वाचकांत याची आठवण फार कमी उरली आहे, याचे मला वाईट वाटते.

तोमोदाची ४ मेला संपली. रीगन सप्टेंबरमध्ये सॅन दिएगोला परतली. डिसेंबर २०१२मध्ये तिथल्या संघीय न्यायालयात नौकेवरच्या आठ जणांनी फुकुशिमा चालवणाऱ्या टेप्को कंपनीवर दावा लावला. किरणोत्साराचे खरे प्रमाण कंपनीने लपवले, नौसेनेला अंधारात ठेवले आणि त्यामुळे आपण आजारी पडलो, असा त्यांचा दावा. पुढच्या वर्षांत वादींची संख्या शेकड्यांत गेली. त्यांनी आपल्या सरकारवर दावा का लावला नाही? कारण अमेरिकी कायद्यात सेवेत झालेल्या इजेसाठी सैनिकाला सरकारवर नुकसानभरपाईचा दावा करता येत नाही. टेप्कोचे म्हणणे असे, की नौका ढगात नेण्याचा निर्णय नौसेनेच्या अधिकाऱ्यांचा, त्याला आम्ही जबाबदार कसे? त्यात आणखी एक जुना नियम वर आला. आग विझवायला आलेल्या माणसाला आग लावणाऱ्याकडून भरपाई मागता येत नाही, अशा अर्थाचा. २०१७मध्ये अपील न्यायालयाने दावा चालवायला परवानगी दिली. २०१९मध्ये खालच्या न्यायालयाने तो काढून टाकला. या प्रकरणाला जपानचा कायदा लागू होतो आणि दाद जपानमध्ये मागावी, असे म्हणून. २०२०मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने त्या काळात जपानमध्ये आणि जहाजांवर असलेल्या सुमारे ७५,००० माणसांची नोंदवही तयार केली आहे. सैनिक, नागरी कर्मचारी, कुटुंबीय, मुले. कोण कुठल्या तळावर किंवा जहाजावर होते, त्यावरून प्रत्येकाची मात्रा अंदाजाने ठरवली आहे, कारण छातीवर किरणोत्सार मोजणारे साधन लावून काम करणारे थोडेच होते. ८,०००हून अधिक जणांच्या शरीरातला किरणोत्सार यंत्राने तपासला. बहुतेकांच्या अंगात मोजण्याजोगे काही आढळले नाही. खात्याचा निष्कर्ष असा, की या मात्रा आजार होण्याइतक्या नव्हत्या. विज्ञानाच्या आजच्या समजुतीनुसार हा निष्कर्ष बरोबर दिसतो. पण मोजणारे खाते, पाठवणारे खाते आणि जबाबदार नाही म्हणणारे खाते एकच असले, की आजारी नौसैनिकाने त्यावर विश्वास ठेवावा अशी अपेक्षा करणे कठीण आहे. आजार किरणोत्साराने झाला की नाही, हा वैद्यकाचा प्रश्न. ज्यांना न विचारता पाठवले, त्यांची प्रकृती पुढे आयुष्यभर कोणी बघायची, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर पहिल्यावर अवलंबून ठेवता कामा नये.

मे २०१६मध्ये जपानचे माजी पंतप्रधान जुनिचिरो कोइझुमी कॅलिफोर्नियात जाऊन या नौसैनिकांना भेटले. सत्तेत असताना ते अणुवीजेचे समर्थक होते, २०११नंतर कडवे विरोधक झाले. पत्रकारांपुढे बोलताना त्यांना रडू आवरले नाही. जपानला परतल्यावर त्यांनी गावोगाव सभा घेऊन नौसैनिकांच्या औषधपाण्यासाठी लोकवर्गणी गोळा केली. या निधीत जपानच्या किंवा अमेरिकेच्या सरकारचा पैसा नव्हता. तो सभांना आलेल्या जपानी माणसांनी दिलेला होता.